गेम रंगात आला की पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. ग्राफिक्स कार्ड बदलू का?

पेठकर२२
राम राम मंडळी. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून लिहितोय. गेला महिनाभर माझा पीसी गेम खेळताना मधेच रीस्टार्ट होतोय आणि आता मी पार वैतागलोय.

मशीन असं: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा पीएसयू (आतल्या सगळ्या भागांना वीज देणारा पॉवर सप्लाय), खाली ६०० व्हीएचा यूपीएस. सगळं तीन वर्षांपूर्वी एकदमच घेतलेलं. दिवसभर यावर लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. चार-चार तास एक्स्पोर्ट चालतो, त्यात एकदाही बंद पडलेला नाही. पण रात्री जेवून गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला की कधी दहा मिनिटांत, कधी तासाभराने पडदा काळा, पंखे क्षणभर थांबतात आणि लगेच सुरुवातीचा लोगो. विंडोज कोसळल्यावर येतो तो निळा पडदा नाही, एरर नाही.

दुकानात नेला. तिथे अर्धा तास चालवला, काहीच झालं नाही. तरी "कार्ड गेलंय, नवीन टाका" म्हणाले आणि ३० हजार सांगितले. हे पैसे मी लेन्ससाठी बाजूला ठेवलेत. कार्ड खरंच गेलं असेल तर टाकतो, पण ते नक्की ओळखायचं कसं?

तांबडापांढरा
भावा, आधी विंडोज फॉरमॅट मारून बघ. निम्मे आजार तिथंच बरे होतात.

इचलकरंजीची_लेक
फॉरमॅट मारू नकोस! विंडोजने आजवरच्या प्रत्येक रीस्टार्टची नोंद ठेवलेली असते, ती पुसली जाईल. आजार कळायच्या आधीच रिपोर्ट फाडल्यासारखं होईल ते.

दोन कामं कर. पहिलं, सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढ. म्हणजे निळा पडदा येत असेल तर तो थांबेल आणि कोड वाचता येईल. दुसरं, इव्हेंट व्ह्यूअर उघड, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम. रीस्टार्टच्या वेळेला 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल नोंद असेल. तिच्या डिटेल्समध्ये बगचेककोड, म्हणजे निळ्या पडद्याच्या चुकीचा नंबर, किती आहे ते सांग. त्याच्या आगेमागे 'व्हीआ-लॉगर' (WHEA-Logger) नावाची हार्डवेअरच्या चुकीची नोंद आहे का तेही बघ.

नुसतं ४१ दिसलं म्हणून घाबरू नकोस. आधीचं सत्र नीट बंद झालं नाही एवढाच त्याचा अर्थ. खरी माहिती त्या कोडमध्ये असते.

गुऱ्हाळवाला
आमचं गाव करवीर तालुक्यात, घरामागं दोन शेतं सोडून गुऱ्हाळ. दिवाळीनंतर चुलवाण पेटलं की चिपाडाची काजळी उडून घरात येते. ही साधी धूळ नव्हं, चिकट असते. मागच्या हंगामात माझ्या प्रोसेसरच्या पंख्याखाली हीटसिंकच्या पट्ट्यांवर काळा नमदा बसला होता. ब्रशनं निघेना, शेवटी काडीनं खरवडून काढला. त्यामुळं टेंपरेचर ९५ ला टेकायचं.

पण एक फरक सांगतो. तापल्यावर माझा पीसी आधी रडतखडत चालायचा, गेम अडकत अडकत जायचा. लगेच बंद नाही पडायचा. तुझं बंद व्हायच्या आधी हळू होतं का? टेंपरेचर किती जातं?

पेठकर२२
ताई, बगचेककोड ० आहे. महिन्याभरात अशा ११ नोंदी सापडल्या, सगळ्यांत शून्यच. टिक काढून काल खेळलो, तरी निळा पडदा आला नाही, थेट रीस्टार्ट. व्हीआ-लॉगर कुठेच नाही.

गुऱ्हाळवाले दादा, हळू अजिबात होत नाही. एकदम मख्खन चालू असतो आणि खटकन जातो. प्रोसेसर ७६, कार्ड ७२. मागच्याच आठवड्यात ब्लोअर मारलाय.

आणखी एक गोष्ट काल लक्षात आली. ११ पैकी निदान सात-आठ वेळा तरी लोडिंगचा पडदा संपून शर्यत सुरू होते, बरोबर त्या क्षणाला गेलाय.

उद्यमनगरी
पेठकर, हे शेवटचं वाक्य तू पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतंस. सगळा रोग तिथं आहे.

माझं आयुष्य मोटारी आणि पॅनेल जोडण्यात गेलं, आता मुलाच्या नादानं पीसी जोडतो. लेथची मोटार सुरू होताना बघ. चालताना जेवढा करंट घेते त्याच्या पाच-सहा पट पहिल्या झटक्याला ओढते. म्हणून मोठ्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. ग्राफिक्स कार्डाचंही काहीसं तसंच आहे. लोडिंगच्या पडद्यावर ते निवांत बसलेलं असतं, ४०-५० वॅटवर. शर्यत सुरू झाली की एकदम पूर्ण ताकद. ३०६० टीआयची मर्यादा २०० वॅट आहे, पण ती सरासरी झाली. मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळासाठी ते त्याच्या बरंच वर उसळी मारतं.

ही उसळी पीएसयूने पेलायची असते. २०२२ साली एटीएक्स ३.० नावाचं मानक आलं ते याचसाठी. त्यात पीएसयूने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसलाच पाहिजे असं घातलंय. त्याआधीच्या पीएसयूंना हे बंधन नव्हतं. कुणी सोसतं, कुणी नाही.

आता रीस्टार्टच का होतो ते. पीएसयूकडून मदरबोर्डला एक वायर जाते, तिला पॉवर-गुड म्हणतात. 'सगळे व्होल्टेज ठीक आहेत' असा तो निरोप असतो. १२ व्होल्ट क्षणभर जरी घसरले तरी निरोप थांबतो आणि बोर्ड तिथल्या तिथं रीसेट मारतो. व्होल्टेज सावरले की पुन्हा निरोप, पुन्हा बूट. विंडोजला चूक लिहून ठेवायलाही सवड मिळत नाही, म्हणून तुझा कोड शून्य.

आणि एडिटिंगला का होत नाही? एक्स्पोर्टमध्ये बहुतेक काम प्रोसेसर आणि कार्डातला छोटा एन्कोडर (व्हिडिओ आवळणारा भाग) करतो. कार्ड पूर्ण भाराला जातच नाही, आणि भार असतो तो सलग असतो, झटके नसतात.

कार्डावर एवढ्यात पैसे घालू नकोस.

वाड्यातला
काका, यूपीएसचं काय? ६०० व्हीए म्हणजे जेमतेम ३६० वॅट. कार्ड २००, प्रोसेसर ८० धरा, मॉनिटर ३०, बाकी बोर्ड, पंखे, डिस्क मिळून ४०. झाले ३५०. शिवाय पीएसयू स्वतः काही वॅट खातो. यूपीएस गळ्यापर्यंत भरलाय.

उद्यमनगरी
बरोबर बोललास, माझ्याकडून राहिलं. यूपीएस आणि पीएसयू दोन्ही संशयित. पेठकर, रीस्टार्ट होताना मॉनिटरचा दिवा विझतो का? मॉनिटरही यूपीएसवरच असेल तर ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. यूपीएसने मान टाकली तर दोन्ही एकदम जातील.

पेठकर२२
मॉनिटर यूपीएसवरच आहे. दिवा विझत नाही, 'नो सिग्नल' येतं. यूपीएसचा टक् असा आवाज संध्याकाळी अधूनमधून येतो, पण रीस्टार्टच्या वेळी ऐकल्याचं आठवत नाही.

वाड्यातला
तरीही दोन दिवस थेट भिंतीतल्या सॉकेटवर लावून बघ. मॉनिटरची गरज कमी, विजेतला छोटासा खड्डा तो सहन करून जाऊ शकतो. खात्री झालेली बरी.

आणि अर्थिंग बघ भावा, हात जोडून सांगतो. आमचा शिवाजी पेठेतला वाडा जुना, तीन पिनी सॉकेट पण तिसऱ्या पिनेला वायरच नव्हती. कॅबिनेटच्या स्क्रूला बोट लागलं की झिणझिण्या यायच्या. पीएसयूच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, अर्थिंग नसेल तर ते कॅबिनेटला मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजला, म्हणजे ११५ च्या आसपास नेऊन ठेवतात. करंट अगदी बारीक असतो, पण आतलं काही बिघडलं तर तेच कॅबिनेट जिवावर बेतेल. माझ्या आईला पुसताना चटका बसला तेव्हा मला जाग आली. वायरमनला बोलावून दुसऱ्याच दिवशी अर्थिंगचा खड्डा मारून घेतला.

शाहूपुरीकर
अर्थिंगवरून आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा आम्ही पीसी माळ्यावर टाकून पाहुण्यांकडं गेलो. पाणी माळ्यापर्यंत आलं नाही, पण आठ-दहा दिवस बंद घरात ती ओल. परत आलो, पीसी सुरू झाला, सगळ्यांना आनंद. दोन महिन्यांनी असाच मधेच बंद व्हायला लागला. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ धरला होता. खोडरबरानं हलक्या हातानं पुसल्या, चार वेळा काढून घातल्या, सुटला प्रश्न. २०२१ च्या जुलैत परत पूर आला तेव्हा कॅबिनेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सोबतच नेलं.

पेठकर, तुझ्या घरात ओल असली तर कार्ड आणि रॅम काढून परत बसव. पैसे लागत नाहीत.

तांबडापांढरा
शाहूपुरीकर, पुरात आमच्या चुलत्यांनी पण तेच केलं. घरातून तीन गोष्टी बाहेर काढल्या: देव, कागदपत्रं आणि पीसी. चुलती विचारत होत्या, मिक्सरनं काय घोडं मारलंय!

दुरुस्तीवाला
राजारामपुरीत १४ वर्षं हेच काम करतोय, म्हणून दुकानदारांच्या बाजूनंही थोडं लिहितो. गिऱ्हाईक फक्त कॅबिनेट उचलून आणतं. यूपीएस घरी, घरातलं सॉकेट घरी, तो गेम घरी. आमच्या टेबलावर दुसरी वायर, दुसरी लाइन, साठ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठच फ्रेम (चित्रं) दाखवणारा, जुना मॉनिटर. मॉनिटरप्रमाणे फ्रेम अडकवलेल्या असल्या तर कार्ड निम्म्या भारावरच राहतं. दोष दिसणार कुठून?

पण दोष दिसला नाही तर 'दिसला नाही' म्हणायचं. न दिसता कार्ड गेलं म्हणणं मला पटत नाही. संशय असेल तर दुकानातलं कार्ड दोन दिवस देऊन बघावं. मी देतो.

पेठकर, येताना कुठलाही दुकानदार असो, त्याला 'शर्यत सुरू होताना जातो' हे वाक्य लिहून दे. आणि यूपीएसही सोबत ने.

रात्रपाळी
उशिरा येतोय, शिरोलीला शिफ्ट होती. सगळे पीएसयूवर तुटून पडलेत म्हणून वेगळा अनुभव. माझा पीसी पण गेममध्ये रीस्टार्ट व्हायचा. पीएसयू बदलला, पैसे गेले, फरक शून्य. शेवटी रॅम निघाली. एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवायचं सेटिंग) लावून ३६०० वर चालवत होतो, एक कांडी सोसत नव्हती. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर लावला, सकाळी कामावरून आलो तर पडदा लाल ओळींनी भरलेला.

त्यामुळे एक्सएमपी बंद करून बघितल्याशिवाय पुढं जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

इचलकरंजीची_लेक
रात्रपाळी, तुमच्या वेळी निळा पडदा यायचा का?

रात्रपाळी
यायचा. दर वेळी वेगळा कोड.

इचलकरंजीची_लेक
मग तोच फरक आहे. रॅम चुकते तेव्हा विंडोजला बहुतेक वेळा काहीतरी चुकल्याचं कळतं आणि कोड पडतो. इथे अकराच्या अकरा वेळा शून्य. तरी एक्सएमपी बंद करायला दोन मिनिटं लागतात, तेही होऊन जाऊ दे. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि वहीत तारीख घालून लिही. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बरं वाटलं तर कशामुळे ते कधीच कळणार नाही.

पेठकर२२
वही केली. चार दिवसांचा हिशोब देतो.

सोमवार, एक्सएमपी बंद: ४० मिनिटांत गेला. परत चालू केलं.
मंगळवार आणि बुधवार, यूपीएस काढून थेट भिंतीवर: मंगळवारी अडीच तास काहीच नाही. मी इतका खूश झालो की आईला झोपेतून उठवून सांगितलं. बुधवारी दुसऱ्याच शर्यतीला गेला.
गुरुवार, कार्ड आणि रॅम काढून परत बसवली: तासाभरात गेला.

कार्ड काढताना एक दिसलं. कार्डाला वीज घ्यायला दोन सॉकेट आहेत, पण पीएसयूतून एकच केबल आलीय आणि तिच्या शेवटाला दोन तोंडं आहेत. दोन्ही तीच जोडलीत. बरोबर आहे का हे? पीएसयू आला त्या खोक्यात तशीच दुसरी केबल पिशवीत बंद पडून होती.

वाड्यातला दादा, अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतलं, ठीक आहे.

उद्यमनगरी
चालतं, पण चांगलं नाही. आठ पिनी प्लग १५० वॅटचा धरतात, स्लॉटमधून ७५ मिळतात. दोन तोंडांची एकच केबल म्हणजे सगळा करंट त्याच तारांतून, त्याच खोबणीतून. ऐन झटक्याला केबलमध्येच व्होल्टेज पडतं. दुसरी केबल काढ आणि दोन सॉकेटना दोन स्वतंत्र केबल लाव. आधी पीसी बंद, भिंतीतलं बटण बंद, पिन काढलेली. जुना प्लग काढशील तेव्हा उजेडात धरून त्याची खोबण बघ. प्लॅस्टिक पिवळट किंवा तपकिरी पडलंय का, वास येतो का.

पीएसयूचा स्वतःचा डबा मात्र उघडायचा नाही. आतला मोठा कपॅसिटर पिन काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर धरून बसलेला असू शकतो.

गुऱ्हाळवाला
मल्टिमीटर लावून १२ व्होल्ट मोजले तर कळंल का काका? माझ्याकडं आहे, बॅटरी बघायला घेतलेला.

उद्यमनगरी
पार मेलेला पीएसयू कळेल. ११.४ ते १२.६ च्या बाहेर काटा गेला तर बदलायलाच हवा. पण हा खड्डा मिलिसेकंदाचा, मल्टिमीटर सरासरी दाखवतो. तो १२.०५ दाखवत बसेल आणि पीसी रीस्टार्ट होत राहील. त्याला ऑसिलोस्कोप लागतो, तो आपल्याकडं नाही.

पेठकर२२
प्लग स्वच्छ आहे, डाग नाही, वासही नाही. दोन केबल लावल्या. शुक्रवार, शनिवार काहीच नाही, एकूण पाच तास खेळलो. रविवारी सकाळी धाग्यावर आनंदाची पोस्ट लिहायला घेतली होती, आणि त्याच दुपारी गेला. लोडिंग संपताना.

तांबडापांढरा
अरेरे. मला वाटलं सुटला आता.

इचलकरंजीची_लेक
वाईट वाटून घेऊ नकोस, माहिती मिळाली ना. दहा मिनिटं-तास यावरून पाच तासांवर गेलं, म्हणजे आपण योग्य दिशेला आहोत. आता कार्ड उत्पादकाचं सॉफ्टवेअर किंवा आफ्टरबर्नर घेऊन पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आण. २०० चे १४० वॅट होतील. फ्रेमही ६० वर अडकव. आठवडाभर तसाच खेळ.

पेठकर२२
आठ दिवस झाले, रोज दोन-तीन तास. एकदाही नाही. गेममध्ये फरकही फारसा जाणवला नाही! म्हणजे पीएसयूच ना?

उद्यमनगरी
मला तरी शंका उरली नाही.

इचलकरंजीची_लेक
काका, मला एक शंका उरलीय. भार कमी केल्यावर थांबलं, यावरून 'भार जास्त झाला की जातो' एवढंच सिद्ध होतं. पेलत कोण नाही, पीएसयू की कार्डावरचा स्वतःचा वीजपुरवठा, हे यातून कळत नाही. कार्ड खराब असतं तरी ७० टक्क्यांवर ते असंच गुण्यागोविंदानं चाललं असतं. दुकानदार चुकून बरोबरही असू शकतो. पैसे घालायच्या आधी दुसरा पीएसयू लावून, लिमिट परत १०० वर नेऊन बघायलाच हवं.

उद्यमनगरी
मान्य. मी घाई केली. पेठकर, माझ्याकडं ७५० वॅटचा पीएसयू आहे, मुलगा पुण्याला गेल्यापासून त्याचं मशीन झाकून ठेवलंय. संध्याकाळी सहानंतर वर्कशॉपला ये आणि घेऊन जा. पैसे-बिसे काही नको.

दुरुस्तीवाला
आणि जुन्या पीएसयूचं बिल शोध. चांगल्या पीएसयूंना पाच-पाच वर्षांची वॉरंटी असते, लोक विसरतात. स्टिकर फाडू नकोस.

पेठकर२२
काकांकडे जाऊन आलो. पीएसयू मिळाला, वर चहा आणि भडंगही मिळालं. त्यांनी मला लेथ सुरू करून करंटचा काटा कसा उडी मारतो तेही दाखवलं. त्या काट्याकडे बघून जे कळलं ते महिनाभर वाचून कळलं नव्हतं.

लिमिट १००, फ्रेम मोकळ्या, एक्सएमपी चालू, तेच कार्ड. दहा दिवस झाले. मुद्दाम लोडिंगला जाऊन परत येऊन, जवळजवळ शंभर वेळा शर्यत सुरू केली. एकदाही गेला नाही.

मग ताईंच्या पद्धतीनं उलटी तपासणीही केली: माझा जुना पीएसयू परत लावला. तिसऱ्या शर्यतीला रीस्टार्ट! पीसी बंद पडल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

बिल सापडलं, पाच वर्षांची वॉरंटी आहे, दोन वर्षं बाकी. सगळ्या नोंदी आणि वहीच्या पानांचे फोटो जोडून पीएसयू वॉरंटीसाठी पाठवलाय. कार्ड ठणठणीत आहे, लेन्सचे पैसे लेन्सलाच जाणार.

रात्रपाळी
वा! उलटी तपासणी मी कधीच केली नव्हती. पुढच्या वेळी लक्षात ठेवतो.

वाड्यातला
यूपीएस विसरू नकोस रे. दोषी तो नव्हता, पण ३६० वॅटचा तो ३६० वॅटच राहणार. एक्स्पोर्ट चालू असताना वीज गेली तर कामाचं नुकसान. हजार-अकराशे व्हीएचा घे, शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा. काही पीएसयूंना चौकोनी लाटेवरची वीज पचत नाही.

पेठकर२२
घेतो दादा, पुढच्या महिन्यात. उद्यमनगरी काका, वॉरंटीत नवीन पीएसयू आला की तुमचा परत आणून देतो.

उद्यमनगरी
सावकाश आण. फक्त माझ्या केबल मोजून आण, एकूण सात आहेत. आणि तुझ्या पीएसयूच्या केबल माझ्यात मिसळू नकोस. कार्डाकडचं तोंड सारखंच असतं, पण पीएसयूकडच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा. चुकीची केबल बसतेसुद्धा, आणि बटण दाबलं की डिस्क जळून जाते. माझ्या केबलना मी लाल टेप गुंडाळून ठेवलीय, तेवढी बघून घे.